एकतीस मैल, बारावा खांब

इमेल्दा दोन फेब्रुवारीला गेली. आमच्याकडे थंडीत गेलेल्या माणसाला लगेच जमीन मिळत नाही. माती चार फूट गोठलेली असते, कुदळ मारली तर नुसती वाजते. म्हणून दफनभूमीच्या कडेला एक दगडी खोली आहे. पेट्या तिथे ठेवतात आणि मे महिन्यात माती सुटली की एकेकाला खाली घेतात. यंदा त्या खोलीत पाच जण होते. फादरनी यादी लावली. इमेल्दाला सतरा मे, शनिवार, सकाळी दहा ही वेळ मिळाली.

साडेतीन महिने ती तिथे होती. मी रोज जायचो. दाराला कुलूप असतं. थोडा वेळ दाराशी उभा राहायचो आणि घरी यायचो.

हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात ती फारसं बोलत नव्हती. एकदा मात्र तिने माझी बाही धरली आणि म्हणाली, "ओव्हिला, मला एकटीला खाली ठेवू नकोस. तिला आण."

मी हो म्हणालो. तिला म्हणजे आमच्या पहिल्या मुलीला. ती १९५४ च्या नोव्हेंबरात मेलेलीच जन्मली. बाप्तिस्मा झालेला नाही म्हणून तेव्हाच्या नियमाने तिला गावच्या दफनभूमीत जागा नव्हती. अशी मुलं लोक कुठे कुठे पुरायचे, कुंपणाबाहेर, शेताच्या बांधाला. आम्ही रेल्वेच्या लाइनवर राहत होतो, म्हणून आमची लाइनच्या कडेला.

आताचे फादर तरुण आहेत. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, जे सापडेल ते आणा, आईच्याच खड्ड्यात ठेवू. पण शनिवारी आणा. एकदा खड्डा बुजवला की परत उघडायला बिशपकडून परवानगी लागते, आणि ती मला मिळेल असं सांगत नाही.

मी गँगमन होतो. सां-ओदिलॉनपासून कुर्ब तळ्यापर्यंत सत्तेचाळीस मैलांचा फाटा होता, त्यावर मी बत्तीस वर्षं काम केलं. फाटा १९१३ साली लाकडासाठी टाकला. तळ्याकाठच्या जंगलातलं लाकूड खाली कागदाच्या कारखान्यात यायचं. आठवड्यातून तीनदा मालगाडीच्या शेपटाला एक प्रवासी डबा लावायचे. दर आठ-दहा मैलांवर गँगचं घर होतं. आमचं घर एकतिसाव्या मैलाला, पाण्याच्या टाकीजवळ. लग्नानंतर इमेल्दा तिथे आली तेव्हा वीस वर्षांची होती. शेजारी म्हणजे मुकादम लिओडोर आणि त्याची बायको ब्लांश. तिसरं घर आठ मैलांवर.

कारखाना १९८१ साली बंद झाला. शेवटची गाडी १९८६ च्या ऑक्टोबरात गेली. त्यानंतर दोन उन्हाळ्यांनी रूळ उचलले. स्लीपर लोकांनी बागेच्या पायऱ्यांना नेले. तारेचे खांब जमिनीलगत कापून नेले. राहिला तो भराव, त्याखालच्या मोऱ्या आणि नदीतले पुलाचे तीन दगडी पाये. ड्रायव्हर सफरचंद खाऊन बिया बाहेर फेकायचे, त्यांची झाडं जागोजाग आली आहेत. सफरचंदं आंबट, खाववत नाहीत. बाकी सगळीकडे झुडपं.

यंदा तेवढंही राहणार नव्हतं. लाकूडतोडीच्या नव्या रस्त्याला खडी हवी होती. लाइनच्या भरावात चांगली खडी आहे, ती उचलायचा ठेका दिला होता. एप्रिलच्या शेवटी पोकलेन कामाला लागलं. मी पाहिलं तेव्हा तिसाव्या मैलाशी आलं होतं. पुढच्या आठवड्यात ते एकतिसाव्यावर येणार होतं.

म्हणून बारा तारखेला, सोमवारी, मी फावडं, कुदळ, करवत आणि डब्यात वाटाण्याचं सूप घेऊन निघालो. तिसाव्या मैलाला जंगलातला रस्ता लाइनला छेदतो. तिथपर्यंत गाडी जाते, पुढे चालत. मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. सव्वा मैल चालायला मला तासभर लागला.

आमच्याकडे लाइनवरची जागा मैल आणि खांब यांनी सांगायचे. रूळ तुटला, मोरी तुंबली, हरीण मेलं, सगळं तसंच. एकतीस मैल, बारावा खांब म्हणजे एकतीसच्या पाटीपासून तळ्याच्या बाजूला बारावा. मला तिथे मोजायची गरज नव्हती. खांबाचं बूड होतं आणि त्याच्याभोवती इमेल्दाने मांडलेले पांढरे दगड होते. आम्ही १९६८ पर्यंत त्या घरात राहिलो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बारावा खांब समोर दिसायचा. भांडी घासताना ती तिकडे बघायची. गावात राहायला आलो तरी दरवर्षी जूनमध्ये ती माझ्याबरोबर ट्रॉलीवर बसून तिथे यायची, रूळ गेल्यावर चालत यायची. गेल्या वर्षापर्यंत आली. गुडघे टेकून गवत उपटायची. मी जरा लांब उभा राहायचो.

सोमवारी मी दगड बाजूला केले आणि खणायला घेतलं. वरची वीतभर खडी, मग तांबूस वाळू, मग निळसर चिकणमाती. दुपारपर्यंत गुडघाभर गेलो. काही नव्हतं. वाटलं, माझा अंदाज हातभर चुकला असेल. मंगळवारी खड्डा चारी बाजूंनी वाढवला. झुडपांची मुळं करवतीने कापावी लागली. संध्याकाळी खड्डा एखाद्या खोलीएवढा झाला होता, आणि त्यात मी आणि चिकणमाती.

बुधवारी पोकलेनवाला रेजां चालत माझ्याकडे आला. चाळिशीचा माणूस, पोट सुटलेलं. खड्ड्याच्या कडेला उभा राहून म्हणाला, "आजोबा, माझ्या पोटावर पाय देताय का? हा भराव माझ्या वाट्याचा आहे."

मी त्याला काय शोधतोय ते सांगितलं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि परत गेला. मला वाटलं, तो गेला. तासाभराने पोकलेन घेऊन आला. मला कडेला बसवलं आणि फार हलक्या हाताने, चमच्याने सूप ढवळावं तसं खणायला लागला. दर थर मला दाखवायचा आणि मग पुढे जायचा. दोन तास झाले. मग त्याने यंत्र बंद केलं, खाली उतरला, खड्ड्यात उडी मारून माती हातात घेतली.

"कोणी सांगितलं तुम्हाला की इथे आहे?"

मी म्हणालो, मुकादमाने.

"तुम्ही स्वतः नाही पुरलंत?"

मी नाही म्हणालो.

त्याने मातीचं ढेकूळ मोडून मला दाखवलं. आत कागदासारखे पातळ पापुद्रे होते, एकावर एक. "हे बघा. तळ्याच्या गाळाचे थर आहेत. एकदा उकरलेली माती परत अशी बसत नाही, हजार वर्षांत बसत नाही. वीस वर्षं मी हेच करतोय. आजोबा, इथे आजपर्यंत कोणी फावडं लावलेलं नाही."

मी मातीकडे बघितलं. तो म्हणत होता ते खरं होतं. माझ्याही हातून आयुष्यभर माती गेली आहे. सोमवारीच मला दिसायला हवं होतं. कदाचित दिसलंही असेल.

त्या दिवशी काय झालं ते आता सांगायला हवं. बाळंतपण ब्लांशने केलं. रात्रभर चाललं. पहाटे तिने बाहेर येऊन मान हलवली. सकाळी सात वाजता निरोप आला की अडतिसाव्या मैलाला रूळ तडकला आहे. थंडीत रूळ तडकतात. मुकादम मला म्हणाला, तू आणि आपल्या गँगमधला दुसरा गडी ट्रॉली घेऊन जा, इथलं मी बघतो. तो मुकादम होता, त्याने सांगितलं आणि मी गेलो. पण खरं सांगायचं तर त्याने सांगितलं नसतं तरी मी काही काम काढून गेलो असतो. मला त्या घरात थांबवत नव्हतं. दुपारी परत आलो तेव्हा तो ओट्यावर बसून पाइप ओढत होता. म्हणाला, एकतीस मैल, बारावा खांब. मी आत जाऊन इमेल्दाला तेच सांगितलं. त्याच रात्री बर्फ पडायला लागला आणि मे महिन्यापर्यंत जमीन दिसली नाही. बर्फ वितळल्यावर इमेल्दा दगड घेऊन तिथे गेली. पुढच्या वर्षी लिओडोरची बदली झाली.

लिओडोर आता सां-ओदिलॉनच्या वृद्धाश्रमात असतो. त्र्याऐंशी वर्षांचा. पाय गेलेत, डोकं जागेवर आहे. गुरुवारी सकाळी मी त्याच्याकडे गेलो. तो खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसून कुट्टूच्या पिठाचं धिरडं गुळपाकाबरोबर खात होता. माझ्या बुटांची माती बघून म्हणाला, "अजून लाइनवर जातोस काय रे? सांग त्यांना, पगार बंद झालाय म्हणावं."

मी स्टूल ओढून बसलो. इमेल्दा गेल्याचं त्याला माहीत होतं. शनिवारचंही माहीत होतं. मी म्हणालो, "मुकादम, बाराव्या खांबाशी काही नाही."

त्याने काटा खाली ठेवला.

"तीन दिवस खणतोय. तिथली माती कधी उकरलेलीच नाही."

तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. धिरड्यावरचा पाक थाळीत पसरत होता. मी वाट बघितली. त्याच्याशी घाई करून चालत नाही, हे मला पन्नास वर्षांपूर्वीच कळलं होतं.

"त्या साली बर्फ उशिरा आला," तो म्हणाला. "आठवतं तुला? बर्फाचं पांघरूण नसलं की जमीन किती खोल गोठते. मी बाराव्या खांबाशी गेलो होतो रे. तिला खिडकीतून दिसेल म्हणून तीच जागा निवडली होती. कुदळ घातली, लोखंडावर पडावी तशी. पहार घातली. एकट्याने तासभर मारत होतो. चार बोटं उकरलं नाही. आणि दहाची गाडी यायची होती. पेटी तिथे बाजूला ठेवली होती, आणि मी बघत होतो."

"मग?"

"दुसरीकडे नेली."

"कुठे?"

"उबेला."

मला कळलं नाही. मग कळलं. अख्ख्या लाइनवर तेव्हा न गोठलेली एकच जागा होती. पाण्याच्या टाकीजवळ इंजिनं थांबायची, पाणी भरताना शेगडी झाडायची. तिथे राखेचा आणि जळक्या कोळशाचा ढीग असायचा. तो हिवाळाभर आतून गरम असायचा. गावातली कुत्री तिथे झोपायला आली असती, गाव असतं तर.

"राखेत?" मी विचारलं. माझा आवाज मोठा झाला असावा, कारण नर्स दारात आली.

"राखेत नाही. राख ओढली बाजूला. खाली जमीन मऊ होती, लोण्यासारखी. तिथे खणलं, गुडघाभर. टाकीच्या तळ्याकडच्या कोपऱ्यापासून सहा पावलं. मग राख वर ओढली. ओव्हिला, कचऱ्याच्या ढिगाखाली ठेवली असं मी तिला कोणत्या तोंडाने सांगू? तिच्या अंगात ताप होता. मला वाटलं, उन्हाळ्यात काढून बाराव्या खांबाशी नेईन. कोणाला कळणार नाही. मग उन्हाळा आला, तिने तिथे दगड मांडलेले. रोज जायची. तिच्या देखत कसं खणू?"

अठ्ठेचाळीस वर्षं ती रिकाम्या जागेवरचं गवत उपटत होती. आणि ढिगाचं पुढे काय व्हायचं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. दर जूनमध्ये गँग ती राख फावड्याने गाडीत भरायची आणि बाजूच्या रुळांखाली पसरायची. खडीपेक्षा स्वस्त. डिझेल येईपर्यंत दरवर्षी. १९५५ साली मी भरली, छप्पन साली मी भरली. माझं फावडं किती खोल गेलं असेल ते मी त्या स्टुलावर बसून आठवायचा प्रयत्न करत होतो. आपण तळापर्यंत खरवडायचो का? कधी कधी खरवडायचो. मुकादम घाईत असला की नाही.

"तुम्ही तेव्हा आम्हाला सांगायचात, पुरे म्हणून," मी म्हणालो. "वरवर घ्या म्हणायचात."

"हो."

"मला वाटायचं, तुम्ही कामचुकार आहात."

"सगळ्यांनाच वाटायचं," लिओडोर म्हणाला. "माझी बदली त्यावरूनच झाली."

त्याला मारावंसं वाटत होतं आणि त्याचा हात धरावासाही वाटत होता. दोन्ही केलं नाही. पेटी कसली होती ते विचारलं. सुरुंगाची, तो म्हणाला. बीव्हर हा प्राणी ओढ्यात फांद्यांची धरणं बांधतो, मोऱ्या तुंबवणारी ती धरणं आम्ही सुरुंगाने उडवायचो, त्याच्या पेट्या गोदामात असायच्या. त्या पेट्यांना खिळे नसतात, ठिणगी पडू नये म्हणून. फळ्यांचे दात एकमेकांत बसवलेले असतात. म्हणजे खिळ्याचा गंजसुद्धा सापडणार नव्हता.

शुक्रवारी उजाडताच गेलो. रेजांला आदल्या संध्याकाळी सगळं सांगितलं होतं, तो माझ्या आधी आला होता. त्याच्या मालकाचा दोनदा फोन येऊन गेला, त्याने उचलला नाही. पाण्याच्या टाकीचा आठकोनी सिमेंटचा पाया शिल्लक आहे. बाजूला अजूनही काळी जमीन आहे, तिथे झुडूपसुद्धा येत नाही. तळ्याकडचा कोपरा सापडला. लिओडोरची सहा पावलं म्हणजे किती? तो उंच माणूस होता. आम्ही पाच ते आठ पावलांपर्यंत सगळी पट्टी घ्यायची ठरवलं. पोकलेनने वरची राख काढली. राखेखाली माती दिसली तेव्हा मी हात वर केला आणि रेजांला यंत्र बंद करायला सांगितलं. पुढे मी एकट्याने, बागेतल्या खुरप्याने.

अकरा वाजले, एक वाजला. रेजांने त्याच्या डब्यातलं मांस आणि पाव दिला, मला गिळवला नाही. मातीत जळक्या कोळशाचे खडे होते, काचेचा तुकडा होता, रूळ जोडायची एक जुनी फिशप्लेट होती. मी मनात तिच्याशी बोलत होतो, इमेल्दाशी. म्हणत होतो, जरा थांब, अजून दिवस आहे. साडेतीन महिने मी त्या दाराशी एक शब्द बोललो नव्हतो.

तीनच्या सुमाराला मातीचा रंग बदलला.

गँगमनला हे ओळखता येतं. स्लीपर कुजून संपला तरी त्याची जागा मातीत राहते. लाकूड जातं, पण त्याच्या मापाचा गडद डाग राहतो, कडा सरळ. जंगलात लाइन कुठून गेली होती हे मी शेवाळाखालच्या अशा डागांवरून सांगू शकतो. तसा डाग होता. पिवळट मातीत तपकिरी. एक कडा सरळ, मग काटकोन, मग दुसरी कडा. मी पालथा झोपून बोटांनी भोवतालची माती काढली. दोन वीत आणि चार बोटं लांब, दीड वीत रुंद. तिसरा कोपरा होता. चौथा नव्हता, तिथे राख खाली उतरली होती, फावड्याच्या पात्याएवढी.

रेजां गुडघ्यांवर बसला होता. म्हणाला, "स्लीपरचा तुकडा नसेल ना?"

मला सांगता आलं नाही. स्लीपर कापून टेकू म्हणून आम्ही वापरायचो, टाकीच्या आसपास तर हमखास. त्याची रुंदी याहून कमी असते. पण वर्षानुवर्षं माती सरकते. डागाच्या आत हाड नव्हतं, कापड नव्हतं, काही नव्हतं. राखेतून झिरपणारं पाणी हाडं खातं की राखतं, मला माहीत नाही. आणि ती इतकी लहान होती.

"असेल तर असेल," रेजां म्हणाला. "तुम्ही काय करणार?"

मी ती सगळी माती काढली, डागाच्या कडेपर्यंत. एक ढेकूळसुद्धा बाहेरचं घेतलं नाही, आतलं सोडलं नाही. घरून इमेल्दाची उशीची खोळ आणली होती, तिच्यात भरली. चौथ्या कोपऱ्यातली राखही घेतली. खोळ जड झाली. रेजां म्हणाला, मी धरतो. मी नाही म्हणालो. गाडीपर्यंत जायला मला दोन तास लागले. तो माझ्या मागून त्याच चालीने चालत होता आणि एकदाही पुढे गेला नाही.

शनिवारी दोन्ही मुलगे अल्बर्टाहून आले होते. त्यांना मी सकाळी स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. थोरला म्हणाला, "बाबा, ती असेलच असं नाही ना?" मी म्हणालो, नाही. धाकट्याने खोळीचं तोंड सुतळीने नीट बांधून दिलं, गाठ दोनदा मारली.

दहा वाजता दगडी खोलीचं दार उघडलं. इमेल्दाला बाहेर आणलं. खड्ड्याच्या तळाशी पाणी साचलं होतं, ते कोणीतरी बादलीने उपसलं. पेटी खाली गेली. मग फादरनी माझ्याकडे बघितलं. मी खोळ मुलांकडे दिली. त्यांनी दोर लावून ती हळूच सोडली. ती पेटीवर मधोमध न बसता जरा कलली आणि कडेला टेकली. कोणी ती सरळ करायला खाली उतरलं नाही.

फादरनी इमेल्दासाठीची प्रार्थना वाचली. मग पान उलटलं, थांबले, आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "हिचं नाव काय?"

मी इमेल्दाच्या पेटीकडे बघितलं. एकोणपन्नास वर्षं असंच होतं. कोणी काही विचारलं, कोणाचा वाढदिवस, कोणाचं आडनाव, की मी तिच्याकडे बघायचो आणि ती सांगायची. तिने मुलीला काही नाव ठेवलं होतं का? गवत उपटताना तिचे ओठ हलायचे. मी लांब उभा असायचो. मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, विचारलं तर ती रडेल.

मुलगे माझ्याकडे बघत होते. फादर पुस्तकात बोट घालून उभे होते.

"तिच्या आईला माहीत आहे," मी म्हणालो.

फादरनी मान हलवली. परत जागेवर गेले आणि वाचायला लागले. नाव यायचं तिथे ते थांबले, आणि मग पुढचं वाचलं.